याला आणि यांना

मराठी बातमीत माणसाचे नाव आले की त्यामागोमाग एक छोटा शब्द येतो. ‘माजी मंत्री अमुक यांना अटक’, ‘रिक्षाचालक तमुक याला अटक’. कलम एकच असू शकते, पोलीस ठाणे एकच, कोठड्याही शेजारशेजारच्या. तरी एकाच्या वाट्याला ‘यांना’ येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला ‘याला’. हा निवाडा न्यायालयाने दिलेला नसतो, पोलिसांनीही नाही. रात्री पान लावायच्या घाईत असलेला उपसंपादक तो देऊन टाकतो, आणि आपण काही निवाडा केला हे बहुतेक वेळा त्याच्या गावीही नसते. इंग्रजी दैनिकातल्या त्याच्या सहकाऱ्यापुढे हा पेच येत नाही; तिथे मंत्र्यालाही ‘he’ आणि हमालालाही ‘he’. मराठीत मात्र ‘आला’ की ‘आले’, ‘त्याचा’ की ‘त्यांचा’, ‘म्हणाली’ की ‘म्हणाल्या’ हे ठरल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही. म्हणून वृत्तपत्रे, चित्रपट आणि दूरचित्रवाणी समाजातले निरनिराळे वर्ग कसे रंगवतात हे मराठीत पाहायचे, तर कथानकापासून किंवा छायाचित्रापासून सुरुवात करून भागत नाही. ती आदरार्थी बहुवचनापासून करावी लागते.

मरणाच्या बातम्यांत ही उतरंड सर्वांत उघडी पडते. उद्योगपतींचे निधन होते, साहित्यिक काळाच्या पडद्याआड जातात, जवान हुतात्मा होतो, कर्जबाजारी शेतकरी जीवनयात्रा संपवतो आणि बांधकामावरचा मजूर ठार होतो. ‘भिंत कोसळून चार मजूर ठार’ या मथळ्यात आधी आकडा असतो; नावे शेवटच्या परिच्छेदात, जागा उरली तर. अपघाती मरणाला ‘ठार’ म्हणायची रीतच आहे, असे यावर म्हणता येईल. पण कारखानदाराची मोटार उलटली तर ते ‘अपघाती निधन’ ठरते. ‘ठार’ हा शब्द महामार्गावर गाडीखाली आलेल्या बिबट्यालाही चालतो. ‘निधन’ बिबट्याला चालत नाही.

एकेरी उल्लेख म्हणजे दर वेळी अपमानच असे मात्र नाही. विठोबाला एकेरीच हाक मारतात. घरात ‘बाबा आले’ असतात आणि ‘आई आली’ असते, आणि त्यात आईविषयीची माया जितकी आहे तितकीच बाईच्या जागेविषयीची सवयही आहे. क्रिकेटपटू शतक ‘ठोकतो’ आणि नट ‘म्हणतो’. कोट्यवधींची मिळकत असूनही त्यांना कोणी बहुवचन लावत नाही, कारण ते घरातले वाटतात. म्हणजे एकेरीत शिरायला दोन दारे आहेत, एक जवळिकीचे आणि दुसरे कमीपणाचे. बातमीतला हमाल कुठल्या दाराने आत आला, हे वाचकाला सांगावे लागत नाही.

प्रत्ययानंतर नामांची पाळी येते. पाणी आले नाही म्हणून इमारतीतले लोक पालिकेत गेले तर ते ‘संतप्त नागरिक’ किंवा ‘रहिवासी’ असतात. त्याच पाण्यासाठी वस्तीतले लोक रस्त्यावर आले की त्यांचा ‘जमाव’ होतो. रहिवासी निवेदन देतात, जमाव वाहतूक रोखतो. फेरीवाल्यांचा ‘विळखा’ पडतो, झोपड्यांचे ‘पेव’ फुटते, गर्दी ‘बघ्यांची’ असते. विळखा सापाचा असतो, हे लिहिणाऱ्याच्या आता लक्षातही येत नाही. याउलट महागड्या भागात चोरी झाली की ती ‘उच्चभ्रू वस्तीत’ होते. हा शब्द मुळात अभिरुचीसाठी घडवलेला: भुवई उंचावून नाटक-संगीत पाहणाऱ्या जाणकाराला, थोड्या थट्टेने, लावलेला. वृत्तपत्रांनी तो पत्त्याला चिकटवला. आज ज्याच्या सोसायटीला दोन फाटके आणि पोहण्याचा तलाव आहे तो उच्चभ्रू. मग घरात पुस्तक म्हणून फक्त विजेच्या बिलांची फाइल का असेना.

या शब्दांनी प्रत्यक्षात काय घडते, हे मुंबईतली दोन तोडकामे शेजारी ठेवून पाहावे. २००४ च्या डिसेंबरापासून पुढचे काही महिने शहरात अनधिकृत झोपड्यांवर मोठी मोहीम चालली आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. बातम्या आल्या, नाही असे नाही. पण त्यांतली पुष्कळशी भाषा ‘मोकळ्या झालेल्या’ भूखंडांची होती. मग २०१३ चा नोव्हेंबर. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत पाच मजल्यांची परवानगी असताना काही इमारतींवर कितीतरी जास्त मजले चढले होते, आणि न्यायालयाने ते वरचे मजले बेकायदा ठरवले होते. पालिकेचे पथक फाटकाशी आले तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या आधीच उभ्या होत्या. फाटकाला कवटाळलेल्या बाया, रडणारे म्हातारे, पालिकेचा बुलडोझर, हे सगळे देशभर थेट दिसले. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने माध्यमांतल्या वृत्तांची स्वतःहून दखल घेतली आणि तोडकाम ३१ मे २०१४ पर्यंत थांबवले. फसवले गेलेले घरमालक दोन्हीकडे होते. झोपडी घेणाराही कोणाला तरी पैसे मोजूनच ती घेतो. पण एका ठिकाणी ‘घर’ पाडले जात होते आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अतिक्रमण’ हटवले जात होते. कॅम्पा कोलातल्या माणसांचे अश्रू खोटे नव्हते. कॅमेऱ्याला ते ओळखीचे वाटले, एवढेच.

ओळखीचे का वाटले, हे कळायला लिहिणारे कोण होते इकडे वळावे लागते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले तेव्हा ते इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत होते. साहेबाला कळावे आणि शिकल्यासवरल्या एतद्देशीयाला कळावे, असा त्याचा वाचक होता. पुढची मराठी पत्रे याच घरातून निघाली. शेतकरी त्यांच्यात येई तो बहुधा दुष्काळाच्या निमित्ताने, आणि बोलत असे त्याच्या वतीने दुसराच कोणी. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले, नंतर नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवले. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. गिरणी कामगारांच्या तासांची, पगाराची, रजेची गोष्ट त्यांच्या पत्रात बाहेरच्या माणसाची नव्हती. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली त्यामागे हीच माणसे होती. तरी या पत्रालाही स्वतःची भीती होतीच. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची सुरुवातीची प्रकरणे दीनबंधूत छापून आली, पुढची आली नाहीत, आणि फुले त्यावर चिडले. शासनाची धास्ती असो की अंगवळणी पडलेला संकोच, गरिबांच्या पत्रालाही गरिबांचा राग एका मर्यादेपलीकडे झेपला नाही.

पुढचे पाऊल ३१ जानेवारी १९२० ला पडले. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. मुंबई इलाख्यातली पत्रे एकेका जातीचे हित पाहतात आणि इतरांच्या हिताची पर्वा करत नाहीत, हे आंबेडकरांनी पहिल्याच अंकात मांडले. पैसे देऊ केले असतानाही मूकनायकची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही, ही हकीकतही त्यांनी पुढे नोंदवून ठेवली. मराठी पत्रांतल्या वर्गाची चर्चा जातीला वगळून करता येत नाही ती यामुळेच. ‘वर्ग’ हा शब्द मराठीत शाळेच्या खोलीलाही लागतो. त्या खोलीत कोण बाकावर बसले, कोण जमिनीवर आणि कोण दाराबाहेर, यावरून पुढे लेखणी कोणाच्या हाती आली ते ठरले.

ज्याच्या हाती ती आली त्याला मराठीत ‘पांढरपेशा’ म्हणतात. कपड्यावरून वर्ग सांगणारा हा शब्द मोठा नेमका आहे: ज्याचे कपडे कामाने मळत नाहीत तो. त्याने केलेले स्वतःचे चित्रण मात्र कौतुकास्पद म्हणावे असे आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव हा भित्रा कारकून, आणि त्याच्यावर हसणारा वाचकही कारकूनच. पु. ल. देशपांड्यांच्या चाळीतली बिऱ्हाडेही तीच. मुंबई दूरदर्शनने चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आणले तेव्हा घराघरांतून माणसे स्वतःच्याच चुलत्याला पाहिल्यासारखी हसली. फरक एवढाच, की पांढरपेशाला हसताना त्याचे मन आधी दाखवले जाते आणि फजिती नंतर. गडी, मोलकरीण, खेडूत यांची फजितीच आधी दिसते, आणि मन दाखवायला वेळ उरत नाही.

आपणच ‘सामान्य माणूस’ हेही या वर्गाने केव्हातरी ठरवून टाकले. आर. के. लक्ष्मण यांचा धोतर आणि चौकटीचा कोट घातलेला, काही न बोलणारा माणूस त्याचे सर्वांत देखणे रूप. पण दर फेब्रुवारीत अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी या सामान्य माणसाची खरी ओळख पटते. पहिल्या पानावर ‘सामान्यांना दिलासा’ असा मथळा असतो आणि खाली प्राप्तिकराचे तक्ते. प्राप्तिकर भरण्याइतकी मिळकत असलेला माणूस या देशात अल्पसंख्य आहे. रोजगार हमीच्या तरतुदीची ओळ आतल्या पानावर, ‘ग्रामीण’ या शीर्षकाखाली सापडते.

इथे नुसत्या वृत्तीला दोष देऊन चालत नाही; हिशेबही पाहावा लागतो. दैनिकाच्या अंकाची किंमत छपाईच्या खर्चालाही पुरत नाही, बाकीचा भार जाहिरात उचलते. जाहिरातदाराला वाचक मोजून हवे असतात आणि तोलूनही. भारतात त्यासाठी घराघरांची प्रतवारी करण्याची रीतसर पद्धत आहे. २०११ मध्ये आलेल्या पद्धतीत दोनच प्रश्न ठेवले गेले: घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण किती, आणि ठरलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत. यादीत वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, संगणक, मोटार, एसी असे सगळे आहे, आणि अकरावी गोष्ट शेतजमीन. या दोन उत्तरांवरून घर ए-१ पासून ई-३ पर्यंत बारा पायऱ्यांपैकी एकीवर बसते. चातुर्वर्ण्याला चार पायऱ्या पुरल्या होत्या. बाजाराला बारा लागल्या. वाहिनीच्या कार्यक्रमाचे आणि पुरवणीच्या पानाचे मोल वरच्या पायऱ्यांवरच्या नजरा किती यावर ठरते. मग पुरवणीत घरसजावट, परदेशी सहली आणि गुंतवणूक येते, आणि ‘कामगार’ हा बातमीदाराचा स्वतंत्र विषय हळूहळू बंद होतो. तो बंद करण्याचा ठराव कोणत्याच संपादकीय बैठकीत होत नाही. जुना बातमीदार निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरला. त्या गिरण्यांच्या जमिनीवर, उदाहरणार्थ फिनिक्स मिलच्या आवारात, मॉल उभा राहिला तेव्हा त्या जागेच्या बातम्या कामगारांच्या पानावरून उठून ‘लाइफस्टाइल’च्या पानावर गेल्या. पत्ता तोच राहिला, फक्त पान बदलले. गिरणगावच्या घरात संपानंतर काय झाले हे सांगायला जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक यावे लागले, आणि त्यावरून २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ हा चित्रपट.

सरकारी माध्यमांनी वर्गांना निदान नावे तरी दिली होती. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘कामगार सभा’ होती, दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ होते. कार्यक्रम कंटाळवाणे असत, निवेदक छापील बोलत, खतांच्या मात्रा वाचून दाखवत. पण कामगार आणि शेतकरी हे श्रोते आहेत असे त्यांत गृहीत होते. खासगी मराठी वाहिन्या १९९९ नंतर स्थिरावल्या तसा हा श्रोता ‘प्रेक्षक’ या सरसकट शब्दात विरघळला. ‘आभाळमाया’ने नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय बाईची गोष्ट सांगितली आणि ती मनापासून सांगितली. पुढे मालिकांतले घर मोठे होत गेले. २०१३ च्या ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये बँकेत नोकरी करणारी मुलगी गडगंज गोखल्यांच्या घरात गेली, आणि तो जिना, तो दिवाणखाना हेच मालिकांचे कायमचे नेपथ्य होऊन बसले. गाव दाखवले तरी तो वाड्याचा गाव. ‘तुझ्यात जीव रंगला’मधला कोल्हापूरचा राणा कमी शिकलेला, साधा, पण घरची शेती मोठी. त्या शेतात भांगलायला येणाऱ्या बाया कधी दिसल्याच तर पाटी डोक्यावर घेऊन मागून जातात. मालिकांत सर्वांना पैशाची चणचण भासते ती शुक्रवारच्या भागात, आणि सोमवारी ती मिटलेली असते.

त्याच वाहिन्यांवरचा एक कार्यक्रम या बाबतीत वेगळा निघाला, आणि तो गंभीर म्हणून ओळखला जात नाही. २००४ ते २०२२ एवढी वर्षे चाललेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर चाळीत गेले, बंगल्यात गेले, खेड्यातल्या पत्र्याच्या घरात गेले आणि समोरच्या बाईला ‘वहिनी’ म्हणाले. ते स्वतः ‘भावोजी’. नात्याच्या या एका शब्दाने ‘याला-यांना’चा पेच बाजूला पडला, वहिनीला बहुवचन आपोआप मिळते, तिचा नवरा हमाल असो की डॉक्टर. खेळ पोरकट होते, पैठणीवर सगळे संसार तोलणे हेही चमत्कारिकच. पण भांडी घासायला जाणारी बाई आपल्या लग्नाची गोष्ट सांगते आहे आणि कोणी तिला मध्येच ‘तुम्हा लोकांचं कसं असतं’ असे विचारत नाही, हे मराठी छोट्या पडद्यावर इतरत्र फारसे घडले नाही.

घरकाम करणाऱ्या बाईचे चित्रपटातले चरित्र मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १९६३ च्या ‘मोलकरीण’मध्ये सुलोचनाबाईंनी जी मोलकरीण रंगवली ती मुळात मोलकरीण नसतेच, ती आई असते, आणि मुलाच्याच घरी राबायची वेळ तिच्यावर येते. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते ते आईवर मोलकरीण होण्याची पाळी आली म्हणून. जी जन्मभर मोलकरीणच आहे तिच्यासाठी ते येईलच असे नाही. हिंदी पडद्यावर ही बाई बहुधा नऊवारी नेसून, ‘बाई’ हे नाव लावून, मराठी हेलात हिंदी बोलते. जुन्या मुंबईत कोकणातून आलेल्या प्रत्येक घरगड्याला ‘रामा’ म्हणत, त्याचे बारशातले नाव काहीही असो; तोच रामा नाटक-सिनेमांत टॉवेल खांद्यावर टाकून फिरत राहिला. मराठी प्रेक्षकाला हे लागते, आणि लागणे बरोबरच आहे. तोच प्रेक्षक मराठी मालिकेतली मोलकरीण वऱ्हाडी किंवा मराठवाडी बोलताना पाहून मात्र खदखदून हसतो. खऱ्या जगात या बायांनी संघटना बांधल्या, संप केले, आणि २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पडद्यावरच्या मोलकरणीला अजून साप्ताहिक सुट्टी मिळालेली नाही.

बोलीचा प्रश्न इथेच येतो. मराठी चित्रपटाने शेतकऱ्याला फार लवकर नायक केले. बाबूराव पेंटरांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकाराने नाडलेला शेतकरी जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत जातो, त्या काळी पौराणिक चमत्कारांचे चित्रपट चालत असताना हे धाडस होते. पण मूकपटात बोली ऐकू येत नाही. बोलपट आल्यावर नायक शुद्ध बोलू लागला आणि त्याचा मित्र ‘गावरान’. दादा कोंडक्यांनी हे उलटवले. ते नायगावच्या गिरणी कामगारांच्या घरातले. १९७१ च्या ‘सोंगाड्या’त नाडी लोंबणारी ढगळ अर्धी चड्डी घातलेला नाम्या हाच नायक झाला. शिष्ट समीक्षेने त्यांच्या द्वयर्थी विनोदाला नाके मुरडली. त्यातला बराचसा विनोद बाईच्या अंगावर बेतलेला होता हे खरेच. तरी ज्या प्रेक्षकाने त्यांच्या एकापाठोपाठ एक चित्रपटांचे रौप्यमहोत्सव केले, त्याला पडद्यावर पहिल्यांदा आपल्यासारखा माणूस आपल्या जिभेने, वरच्या माणसाची टोपी उडवताना दिसला होता. त्या हशाची दखल वर्गाच्या अंगाने अजूनही पुरेशी घेतली गेलेली नाही.

नागराज मंजुळे यांनी बोलीतला विनोद काढून घेतला आणि बोली ठेवली. त्यांच्या चित्रपटाचे नाव ‘फँड्री’, हा कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द. त्यातले जब्याचे कुटुंब डुकरे पकडते, गाव कडेला बसून मजा बघते, आणि मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच सगळ्यांना ताठ उभे राहावे लागते. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने. कडेला बसून बघणाऱ्यांत तिकीट काढून आलेलाही होता, हे त्याला तेव्हा कळते. ‘सैराट’ने २०१६ मध्ये शंभर कोटींची कमाई ओलांडली ती करमाळ्याकडच्या बोलीत. त्यात पाटलाचा मुलगा भर वर्गात प्राध्यापकाच्या कानशिलात लगावतो. शिक्षण वरचे की जमीन वरची, हा तंटा त्या एका आवाजात मिटतो. बारा पायऱ्यांच्या प्रतवारीत प्राध्यापकाला कदाचित वरची पायरी मिळाली असती. गावाला ती प्रतवारी मान्य नव्हती.

वर्गांच्या चित्रणाचा सर्वांत बारीक नमुना मात्र चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. गटारात उतरून मेलेल्या एका सफाई कामगाराने म्हणे आत्महत्या केली, आणि तिला म्हाताऱ्या लोकशाहिराचे गाणे कारणीभूत झाले, असा खटला. चित्रपट न्यायालयातून प्रत्येकाच्या मागे त्याच्या घरी जातो. बचावाचा वकील सुखवस्तू गुजराती घरातला. तो मोटारीत जॅझ ऐकतो, मोठ्या दुकानातून वाइन आणि चीज घेतो. सरकारी वकील बाई लोकलने जातात, साडीच्या पोताबद्दल सहप्रवासिनीशी बोलतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. न्यायाधीश नातेवाइकांबरोबर रिसॉर्टला. कोणीही दुष्ट नाही. आणि ज्याच्या मरणावर हे सगळे उभे आहे तो माणूस एकदाही पडद्यावर येत नाही. त्याची बायको साक्षीत सांगते, की गटारात हवा आहे की नाही हे तो झुरळ दिसते का यावरून ओळखायचा, आणि वास सहन व्हावा म्हणून आधी दारू प्यायचा. न्यायालयाच्या नोंदीत हे सपाट इंग्रजीत उतरते. ती ज्या भाषेत बोलली त्या भाषेतून कारकुनाच्या भाषेत जाताना तिच्या नवऱ्याचे जे होते, तेच ‘चार मजूर ठार’मध्ये होत असते.

काही वेळा माध्यमे गरिबांकडे एकदम वळतात, झोतच टाकतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात हे दिसले. दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून मोर्चेकरी शेवटचा टप्पा रात्रीतून चालले. मुंबईकर पाणी, चपला, बिस्किटे घेऊन रस्त्यावर आले, आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र एक छायाचित्र होते: भेगाळलेले, सोललेले तळवे. ते छायाचित्र खरे होते आणि त्याने कामही केले. पण मोर्चातल्या बहुसंख्य आदिवासींची मागणी कसत असलेल्या वनजमिनीच्या पट्ट्यांची होती, २००६ च्या कायद्याने मान्य केलेल्या हक्काची; ती तळव्यांच्या मानाने फार थोड्यांना आठवते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेली माणसे. रुळांवर विखुरलेल्या भाकरी-चपात्यांचे छायाचित्र देशाने पाहिले. त्याआधी कित्येक वर्षे याच कारखान्यांत काम करणारे हे लोक मराठी पत्रांत ‘परप्रांतीय’ या एका शब्दात मावत होते. पी. साईनाथ यांनी २००६ मध्ये मांडलेली तुलना पुष्कळांना माहीत आहे: मुंबईतल्या फॅशन सप्ताहाला पाचशेहून अधिक पत्रकार आणि त्याच वेळी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांकडे बाहेरून आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सप्ताहाचा विषय सुती कपडे होता.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. साताऱ्याकडच्या तरुणांनी ‘गावाकडच्या गोष्टी’ यूट्यूबवर सांगितल्या आणि वाहिनीच्या दाराशी न जाता प्रेक्षक मिळवला. ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, रिक्षात बसून लोक स्वतःला चित्रित करू लागले. त्याबरोबर शहरी शिकलेल्या पोरांनी एक नवी शिवीही रुळवली, ‘छपरी’. रंगवलेले केस, झगमगीत शर्ट, उसनी मोटारसायकल असा मुलगा दिसला की तो छपरी. छपराखाली राहणारा, एवढाच तिचा सरळ अर्थ. छप्परबंद ही महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीतली एक जात आहे. कैकाडीही त्याच यादीत. शिवी देणाऱ्यांना यातले काही ठाऊक नसते, जसे उपसंपादकाला ‘याला’ लिहिताना.

बहुवचन विकत मिळते अशी एक जागा मात्र महाराष्ट्रात आहे, ती म्हणजे चौकातला फ्लेक्स. तालुक्याच्या वार्ताहराला पुरवणीसाठी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा कराव्या लागतात, आणि तिथे ‘यांना’ची खैरात असते. फ्लेक्सने तीच खैरात स्वस्त केली. काल ज्याला गल्लीत सगळे ‘ए पप्या’ म्हणत होते तो विशीतला पोरगा काही शे रुपयांत ‘मा. श्री. अमुक भाऊ’ होतो; गॉगल, जोडलेले हात, मागे वाघ, आणि ठळक अक्षरांत ‘यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. खाली शुभेच्छुकांचे तीस चेहरे, ते सगळे ‘श्री.’. पालिका आठवड्याने फलक उतरवते. कापड चिवट असते, पाणी आत येऊ देत नाही. पावसाळ्यापूर्वी ते वस्तीत पोचते आणि पत्र्यांच्या फटींवर अंथरले जाते, बहुधा उलटे, अक्षरे आतल्या बाजूला. आत झोपलेल्या माणसाला वर पाहिले की ‘मा. श्री.’ दिसते.